मनगटावरची थाप

पुण्याच्या डिझाइन कॉलेजातून सुट्टीला आरोंद्याला आलेली उर्वशी जुने मोबाइल फोडून त्यांतल्या थरथरणाऱ्या इवल्या मोटारी काढत बसली, तेव्हा तिच्या बापाचं, गुणाजीचं डोकंच फिरलं. "थंय मोडूक शिकवतत काय गो?"

संध्याकाळी देवळातल्या भजनात तिने बापाच्या पखवाजाला माइक चिकटवला, तिथून वायर ओढली आणि त्या मोटारी शिवलेला कापडी पट्टा आईच्या मनगटावर बांधला. पखवाजावर थाप पडली की पट्टा थरथरायचा.

लहानपणीच तापात कान गेलेली तिची आई विमला डोळे मिटून बसली होती. भर भजनात ती मोठ्याने म्हणाली, "अवो, तुमी एवढां बरां वाजवतास?"

पंचक्रोशीत नावाजलेल्या गुणाजीचा ताल आयुष्यात पहिल्यांदाच चुकला.