मऊ तळाचे बूट

"परत एकदा दारापर्यंत जाऊन ये," अण्णा पलंगावरून म्हणाले.

मुलगा दारापर्यंत गेला आणि परत आला. त्याच्या पायांत पळायचे नवेकोरे बूट होते, जाड, फुगीर सोलचे. दुकानात जे सगळ्यांत मऊ असतील तेच आण, असं अण्णांनी मुलीला बजावलं होतं. तिने खोकं उघडल्याबरोबर त्यांनी सोल अंगठ्याने दाबून पाहिला होता, टायरमधली हवा बघावी तसा.

"टाच दुखतेय?"

"नाही."

"गुडघा?"

"नाही हो. गादीवर चालल्यासारखं वाटतंय."

अण्णांनी डोळे मिटून मान कलती केली आणि त्याला आणखी एक फेरी मारायला लावली. जन्मभर त्यांनी गाड्या अशाच तपासल्या होत्या. बॉनेट उघडायच्या आधी नुसतं ऐकायचे आणि काय बिघडलंय ते सांगून मोकळे व्हायचे.

"आवाज नाही," ते समाधानाने म्हणाले. "आवाज नाही म्हणजे दोष नाही."

मुलगी हसली. गॅरेज सुटलं तरी मेकॅनिक काही सुटत नाही, म्हणाली. मुलगा हसला नाही. दुसऱ्या कुणाचे बूट चुकून पायात घातल्यासारखा तो खाली बघत उभा होता.

एके काळी या पोराचे पाय जमिनीवर ठरत नसत. त्याने जिंकलेले कप अजून कपाटावर ओळीने मांडलेले होते, अगदी लख्ख. पळणं सोडलं तरी भावाने कप पुसायचं सोडलं नाही, याचं बहिणीला फार कौतुक होतं. तिने तसं कधी त्याला बोलून मात्र दाखवलं नाही. जुनी जखम कशाला उकरा?

चार वर्षांपूर्वी मोठ्या शर्यतीला निघताना अण्णांनी त्याला हाक मारली होती. जिन्यातला दिवा बदलायचा होता, शिडी धरायला कुणीतरी हवं होतं. आल्यावर बघू, असं म्हणत तो तसाच गेला. संध्याकाळी सगळ्यांत मोठा कप घेऊन घरी आला, तर दाराला कुलूप आणि अण्णा दवाखान्यात. तेव्हापासून अण्णा पलंगावर आणि मुलगा घरात. परगावी मुलांना पळायला शिकवायची नोकरी चालून आली होती, तिला त्याने नाही म्हटलं आणि जवळच्या छापखान्यात चिकटला. कामावरून आला की स्वयंपाक करायचा, अण्णांना उचलून न्हाणीत न्यायचा, त्यांचे पाय चोळायचा. डॉक्टरांकडे जाणं अण्णांनी केव्हाच बंद केलं होतं. तीन मजले माझं ओझं वाहून पोराची कंबर मोडायची, म्हणायचे.

आपल्यापायी पोराच्या पायांत बेडी पडली, हे अण्णांना आतून खात होतं. कितीदा त्यांनी ठरवलं की आज त्याच्याशी मोकळेपणाने बोलायचं. पण बायको गेल्यापासून हे घर त्यांना एकट्याने सोसवत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. रोज संध्याकाळी छापखान्याचे ते जड, लोखंडी टोकाचे बूट पहिल्या मजल्यावर वाजले की अण्णा पांघरूण सारखं करून घ्यायचे, आणि ठरवलेलं सगळं घशातच राहायचं.

मुलीला घरची कामं होती, ती निघून गेली.

"तळ्यापर्यंत पळून ये," अण्णा म्हणाले. "पळून बघितल्याशिवाय बूट कळत नाहीत."

"दिवसभर एकटेच असता. आत्ताही एकटे राहाल."

"मला आता काय होतंय?"

मुलगा बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशीही मी असाच गेलो होतो."

एवढा उंचापुरा पोरगा, आणि नाडीवरून नजर उचलायला धजत नव्हता. चार वर्षं हा एवढं मनात घेऊन आपले पाय चोळत होता, या विचाराने त्यांना स्वतःची लाज वाटली.

"त्यात तुझा काही दोष नव्हता," ते म्हणाले. "तू जाऊन ये. आलास की मला तुला एक सांगायचंय."

"आत्ता सांगा की."

"आधी पळून ये."

मुलाने त्यांची उशी नीट केली, नेहमीप्रमाणे दार नुसतं लोटून घेतलं आणि तो गेला. अण्णांनी कान दिला. जिन्यात काहीच वाजलं नाही. छान, ते मनात म्हणाले, पैसा वसूल. तळं चांगलं लांब होतं. तो येईपर्यंत शब्द जुळवायला वेळ होता. आज सांगायचंच. ऐकून तो रागावेल, कदाचित कायमचा निघून जाईल. जाऊ दे. पळत जाऊ दे.

त्यांनी पांघरूण बाजूला सारलं, उठले आणि गादीखालचं नेहमीचं फडकं घेऊन कपाटापाशी गेले. टाचा उंचावून त्यांनी सगळ्यांत मोठा कप खाली काढला आणि पुसत पुसत खिडकीशी आले. त्यांना मुलाला पळताना बघायचं होतं. रस्ता पार वळणापर्यंत मोकळा होता, मुलगा कुठेच दिसत नव्हता. एवढ्यात वळण ओलांडलंसुद्धा! पाय अजून तेच आहेत, अण्णांना वाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"उशाशी पाणी ठेवायला विसरलो होतो," त्यांच्या पाठीमागे मुलगा म्हणाला. "बूट चांगले आहेत, अण्णा. जिन्यात अजिबात आवाज होत नाही."