कुंपणावरचा भोंगा

फुलंब्रीजवळच्या मळ्यात द्वारकाबाईंच्या घरामागं सशांचं खुराडं होतं आणि मुंगसं त्यावर टपलेली असायची. "मारायचं नाय, नुसतं हाकलायचं," म्हणत त्यांच्या मालकांनी, कडूबांनी, कुंपणाला भोंगा बांधला आणि त्यात आपलाच आवाज भरला, "हाऽड! कोन हाय तिथं?"

दिवाळीत कडूबा गेले. भोंगा दर तासाला ओरडत राहिला. मुंगसं त्याला सरावली, पण द्वारकाबाई त्याला कुणाला हात लावू देईनात. आवाज आला की हातातलं काम थांबवून म्हणायच्या, "मी हाय. दुसरं कोन असणार?"

परवा एक ससा गेला. सून श्रेया म्हणाली, "आत्या, आता जाळीच लावू." द्वारकाबाई शेवटी हो म्हणाल्या. परसाला चौफेर जाळी बसली. भोंग्याची बॅटरी काढून त्यांनी तो कडूबांच्या धोतरात गुंडाळला आणि पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परसात धुणं वाळत घालत होत्या. कुंपणाकडून हाक आली, "कोन हाय तिथं?"

"मी हाय. दुसरं कोन असणार?" त्या सवयीनं बोलून गेल्या.

कडूबांचा म्हातारा कुत्रा धडपडत उठला आणि जाळीपाशी जाऊन शेपटी हलवू लागला.

"मग मला आत येऊ दे की," कडूबांचा आवाज म्हणाला. "जाळी कशाला लावलीस?"