टॉवेलाखालचा सौदा

प्रबुद्धचा उजवा हात टॉवेलाखाली होता, लालासाहेबांचाही. टॉवेलाशेजारी काउंटरवर एक काळा, जाडजूड लॅपटॉप उघडा पडला होता.

रस्त्यापलीकडे रसवंतीच्या आडोशाला उसाच्या रसाचा ग्लास धरून जयराज टक लावून बघत होता.

जयराज आणि प्रबुद्ध एकाच ठिबक सिंचनाच्या कंपनीत होते. जयराज साताऱ्याच्या शाखेत, प्रबुद्ध सांगलीच्या. आता दोन्ही जिल्ह्यांवर मिळून एकच अधिकारी नेमायचा होता. पुण्याच्या साहेबांनी दोघांना निरोप धाडला होता, "सोमवारी माण तालुक्यात शेतावर या. ज्याच्याजवळ स्वतःचा लॅपटॉप असेल आणि जो बांधावर बसून शेतकऱ्याला नळ्यांचा आराखडा काढून दाखवील, त्याची जागा पक्की." १९९८ साली नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत दोघांचीही नव्हती. एसटीचे धक्के खाऊन टिकेल असा जुना कुठे मिळतो, हे बघायला जयराज सांगलीला आला, तर हा गडी आधीच हजर!

नेहमीचंच होतं. प्रबुद्धने चामडी बॅग घेतली की महिन्याच्या आत जयराजच्या खांद्याला तशीच बॅग लटके. प्रबुद्धने मोटारसायकल बदलली, मग जयराजनेही बदलली. लोक सहज म्हणून जायचे, "प्रबुद्धसारखीच घेतली वाटतं." ते 'सारखीच' जयराजला दिवसभर कुरतडत राही.

लालासाहेबांचे वाडवडील जनावरांच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. लालासाहेब मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर विकत, पण रीत त्यांनी बाजारातलीच ठेवली होती. भाव तोंडाने बोलायचा नाही. टॉवेल टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. बघणाऱ्याला हात हलताना दिसतात, बाकी काही कळत नाही.

प्रबुद्धने हात बाहेर काढला. हसला. लॅपटॉपच्या झाकणावरून तळवा फिरवला आणि रिकाम्या हाताने निघून गेला.

ठरलं तर! पैसे घेऊन न्यायला येणार. जयराजने ग्लास तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडला.

"हा काळा कसा आहे?" त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"बसा की, पाव्हणं. गुणी खोंड हाय."

"आत्ता गेला त्या माणसानं नीट पारखलंय का?"

लालासाहेब हसले. "त्यांच्याइतकं ह्याला कुणीच पारखलं नसंल."

"मग सौदा ठरला असेल तुमचा."

"व्हय, आटोपलं आमचं."

"तरी मला मिळेल?"

"न मिळायला काय झालं? इकायलाच बसलोय मी."

शब्दाला न जागणारा माणूस दिसतोय, जयराजच्या मनात आलं. आणि बरंच झालं, हेही आलं.

"पण वायर काढून चालवून बघा," लालासाहेब म्हणाले. "दावणीला लय शांत हाय. रस्त्यावर सोडल्यावर कसं वागतंय, ते आपल्या डोळ्यांनी बघितल्यालं बरं."

"त्यानं बघितलंय ना? मग झालं. टाका टॉवेल."

टॉवेलाखाली बोटं दाबताना जयराज जराही अडून बसला नाही. लालासाहेबांनाच नवल वाटलं.

"एक करा," जयराज उठता उठता म्हणाला, "मी नेला हे त्याला सांगू नका."

"आवं, एकाचं नाव दुसऱ्याला सांगायचं न्हाई, ही आमची तीन पिढ्यांची रीत हाय."

साताऱ्याला घरी लॅपटॉप भिंतीतल्या प्लगवर झकास चालला. त्याच्या बायकोने, संयोगिताने, झाकणाच्या कोपऱ्यावरचा निळ्या शाईचा डाग ओल्या फडक्याने पुसून पाहिला. तो निघाला नाही.

"अहो, पण शेतात कुठला आलाय प्लग? वायर काढून बघा की एकदा."

"प्रबुद्ध आंधळेपणानं वस्तू घेत नाही," जयराज म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून प्रबुद्धची स्तुती निघाली होती, आणि तीही केवढ्या आनंदाने!

सोमवारी धुळा नावाच्या शेतकऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत ऊन चटचटत होतं. बाभळीखाली घोंगडं अंथरलेलं. साहेब बसले होते. प्रबुद्ध आला. खांद्याला नेहमीची बॅग, चेहरा नेहमीसारखा शांत. शांत कसला, हात हलवत आलेला असणार, जयराजला वाटलं. त्याने आपला लॅपटॉप ऐटीत घोंगड्यावर मांडला.

"ह्यो डबा चारा काय खातोय?" धुळाने विचारलं. सगळे हसले.

"आराखडा देतो बघ आता," म्हणत जयराजने बटण दाबलं. पडदा उजळला. धुळाच्या बागेचे चार बांध दिसले, पहिली नळी निम्म्यावर आली आणि पडदा काळा झाला. त्याने पुन्हा बटण दाबलं. धरून ठेवलं. काळ्या काचेत त्याचाच घामेजलेला चेहरा दिसत होता.

"मेलं जणू," धुळा हळहळला.

"प्रबुद्ध, तुमचं बघू," साहेब म्हणाले.

प्रबुद्धने बॅगेतून दुसराच, करड्या रंगाचा लॅपटॉप काढला. धुळाला शेजारी बसवून घेतलं. नळ्या, वळणं, विहिरीपासूनचा उतार, सगळं त्याच्या बोलीत समजावलं. उन्हाची तिरीप घोंगड्यावर सरकली तरी पडदा उजळलेलाच होता. साहेबांनी उठताना प्रबुद्धच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते धुळासोबत विहिरीकडे गेले.

जयराज अजून बटण दाबतच होता. प्रबुद्ध मदतीला म्हणून जवळ येऊन वाकला. झाकणाच्या कोपऱ्यावरचा शाईचा डाग त्याने बोटाने चाचपला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"अरं गड्या, हे तर माझंच खोंड! वायर काढली की मान टाकायचं, म्हणून त्या दिवशी लालासाहेबांना इकून टाकलं. पैसे तर लगेच धाडले त्यांनी, पण गिऱ्हाईक कोण गावलं ते बाबा काय केल्या सांगंना!"