बर्फाची माती

सख्ख्या बापाच्या रक्षाविसर्जनाला संयोगिताला रजा मिळाली नव्हती, आणि बर्फाच्या मातीला मात्र ती काळे कपडे घालून गेली, म्हणून बाळाबाई नातीवर भयंकर भडकल्या होत्या. नात पार उत्तरेच्या टोकाला, कुठल्या कुठल्या देशांच्या शास्त्रज्ञांबरोबर बर्फाचा अभ्यास करायची. ज्या हिमनदीवर सगळे मिळून राबले, ती यंदा वितळून संपली. मग उघड्या पडलेल्या खडकावर जमून, अंत्यविधीला राहावं तसे सगळे मान खाली घालून उभे राहिले. फोनवर हे सांगताना पोरगी हुंदके देत होती.

"तुझ्या बापाच्या निवदाला कावळा शिवंना," बाळाबाई म्हणाल्या. "पंचगंगेच्या घाटावर मी हात जोडून त्याला म्हटलं, तुझ्या पोरीला अंतर देणार न्हाय. तवा शिवला. तुम्ही त्या बर्फाला काय कबूल केलंसा?"

"काय कबूल करणार, आजी? उरलेलं बर्फ पण जाणारच की. सगळ्या देशांचं बोलून झालं, थांबवत कुणीच न्हाय."

बाळाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"मग ती माती न्हवं, पोरी. मेलेल्याला द्यायला एक शब्द न्हाय तुमच्याजवळ. तुम्ही नुसतं मढं बघून आलासा."