पाठीवर एकही जखम नाही

"पाठीला जखमा किती झाल्या होत्या?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एकही नाही," समोरची तरुण बाई म्हणाली.

"सहा वर्षं अंथरुणावर, आणि एकही नाही?"

"दर दोन तासांनी कूस बदलायचा ना तो तिची. गजर लावून."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. वृद्धाश्रमाचा कारभार सांभाळण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. बाकी कशातही त्यांना कोणी फसवलं असतं, पण अंथरुणाच्या जखमांबाबत नाही.

तिकडच्या सरकारने परदेशी कामगारांचे परवाने वाढवून देणं बंद केलं आणि कामाला गेलेली माणसं विमानं भरभरून परतली. मग इकडच्या सरकारने परिपत्रक काढलं: परतलेल्या प्रत्येक कामगाराच्या घरातून एकाला काम द्या, अनुभव बघून. वृद्धाश्रमाच्या वाट्याला एकच जागा आली. सकाळपासून नऊ जण येऊन गेले होते. त्यातला एक क्रेन चालवणारा. लोखंडाच्या तुळया उचलल्यात, म्हणाला, म्हातारी माणसं म्हणजे काय, हातचा मळ. मोठ्या बाईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

हा दहावा. त्याला आत बोलावून विचारलं, तर "जमेल तसं केलं" म्हणाला आणि फरशीकडे बघत राहिला. तासभर बसवलं असतं तरी त्यापुढे गाडी सरकली नसती. शेवटी बाईंनी त्याला बाहेरच्या बाकावर पाठवलं आणि बायकोला बसवून घेतलं. स्वतःची टिमकी वाजवणं त्याला येत नाही, असं ती म्हणाली. तेवढं सोडून सगळं येतं.

मग ती सांगत गेली. म्हातारीचं उजवं अंग गेलेलं. घास घशात अडकायचा, म्हणून हा सगळं मऊ कालवून, चमच्याच्या टोकाने, तिच्या डाव्या गालात भरवायचा. पुढे तिची वाचाही गेली. मग नुसती पापणी हलली तरी तिला ऊन लागतंय की तहान, हे त्याला कळायचं.

"परक्याच्या घरात दिवस काढणं सोपं नसतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाहीच. हिंडतीफिरती होती तोवर उपरा म्हणायची त्याला. त्याच्या हातचं पाणी प्यायची नाही. आणि शेवटी काय, दुसऱ्या कोणाच्या हातून औषध घेईना."

"रजा मिळायची?"

"तिला टाकून जाणार कुठे?"

एवढं सगळं तिने कधी बघितलं, असं बाईंनी विचारलं. रोज, ती म्हणाली. व्हिडिओ कॉलवर. फोन खिडकीत टेकवून तो म्हातारीची वेणी घालायचा. पहिली वेणी तर दोरखंडासारखी झाली होती. ती इतकी हसली, की तिकडे म्हातारीलाही हसू फुटलं.

मोठ्या बाईही हसल्या. त्यांनी दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. आश्रमातले एक आजोबा भिंतीला धरून चालले होते. तो बाकावरून उठून त्यांच्या डाव्या बाजूला गेला, हात न धरता, ते पडले तर सावरता येईल इतक्या अंतरावर, आणि त्यांच्याच चालीने चालू लागला. हे शिकवायला बाईंना एकेका नव्या माणसामागे महिने लागायचे.

"आणि इथे नाही जमलं तर?" त्यांनी विचारलं.

तिचा हात टेबलाच्या कडेवरून फिरत राहिला. "एजंट दोनदा घरी येऊन गेला. दुसऱ्या देशाचे कागद घेऊन. मुलगी दारामागून ऐकत होती. तो गेल्यावर विचारते, परत जायचंय का? नऊ वर्षं झाली बाई. आता नाही सांगवत तिला."

मोठ्या बाईंनी पेन उचललं. फॉर्मवर शेऱ्याच्या जागी त्या एरवी एक शब्द लिहीत. आज चार ओळी लिहिल्या. सही केली, शिक्का मारला. उद्या सकाळी सातला पाठव, म्हणाल्या, आणि आल्या आल्या इथल्या पोरांना कूस बदलायला शिकव म्हणावं.

तिने डोळ्यांना पदर लावला.

"रडतेस काय, सोन्यासारखा नवरा आहे. चल, परतलेल्याचा पासपोर्ट दे. तेवढा नंबर लिहायचा राहिलाय."

तिने पिशवीतून पासपोर्ट काढून पुढे सरकवला. बाईंनी पानं उलटली. नऊ वर्षांचे शिक्के होते. मग पहिलं पान उघडलं, आणि फोटोवरून नजर उचलून त्यांनी समोर पाहिलं.

"हा तुझा आहे. त्याचा दे."

"त्याने कधी काढलाच नाही," ती म्हणाली. "तिकडे मी होते. म्हातारी माझी आई."