डावी सीट

शायिरगुल आधी उजवीकडे, स्टिअरिंगमागे बसली. गाणं लागलं. कोमुझ या तंतुवाद्याच्या तारा दाराच्या पत्र्यात कुठेतरी खडखडत होत्या.

मग ती डाव्या सीटवर सरकली. इथे तारा मोकळ्या वाजल्या, पण गाणारीचा आवाज जरा विस्कटलेलाच. शायिरगुल थोडी खाली घसरून बसली, आणि आवाज असा जुळून आला की गाणारी काचेपलीकडे हाताच्या अंतरावर उभी असावी.

"म्हणजे माझ्यापेक्षा ठेंगणी आहे," ती म्हणाली.

गाड्यांत स्पीकर बसवणारा सापार आपल्या गॅरेजात, गाडीच्या मागच्या दारात लोकरीचा जाड नमदा चिकटवत होता. त्याने मान वर केली नाही.

"कोण?"

"जिच्या कानांसाठी हे सगळं लावलंयस, ती. मला वेड्यात काढू नकोस, सापारदादा. माझा नवरा गाडी चालवतो उजवीकडून, आणि गाणं डावीकडे!"

"मेदेरने सांगितलं तसं केलं, बहिणी. आवाज एकाच जागी नीट बसतो. सगळ्यांना खूश करायला गेलं की कुणालाच धड ऐकू येत नाही."

"आणि मी मागे, काळ्या काचेआड! पुढे ऊन लागेल म्हणतो. बर्फ पडत असतानासुद्धा मला ऊन लागतं!"

सापारने आलेलं हसू गिळलं.

दोन वर्षांमागे तोकमोकला, तिच्या आईच्या घरी मुल्लाने निकाह लावला होता. मेदेर बाजारात माल विकायला बहुतेक दिवस इथे बिश्केकलाच राही. तिने कधी कुरकुर केली नाही. नमाजानंतर त्याच्यासाठी दुआ मागायची, इतकंच. पण गाडीत तो आपल्याला मागेच बसवतो हे लक्षात आल्यापासून तिला घास गिळवत नव्हता. पोटातलं बाळ जगात येण्याआधीच त्याचा बाप दुसरीचा होणार, हेच मनात घोळत राही.

"माझ्या कानांची उंची मोज. आत्ताच्या आत्ता."

"आवाज तपासायला ती येतेच आहे. तू जा, बहिणी. चहा पिऊन जा हवं तर, पण जा."

"येऊ दे! दुसरीच्या संसारात शिरणारीचं तोंड तरी बघू दे."

गॅरेजच्या दारात एक ठेंगणी, पोक्त बाई येऊन उभी राहिली. डोक्याला पांढरा रुमाल, हातात गरम नानची पिशवी. सापार हात पुसत उठून उभा राहिला.

शायिरगुल सीटवरून हलली नाही. "ही जागा माझी आहे. अल्लाच्या साक्षीने माझा निकाह झालाय त्याच्याशी. तुला लाज नाही वाटली?"

बाईने तिच्या पोटाकडे पाहिलं. मग नान मोडला आणि अर्धा तिच्या हातात ठेवला.

"आधी खा. अशा दिवसांत उपाशी राहू नये," ती म्हणाली. "मेदेरच्या नि माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही. तुझ्या कानातली ही मागणीची कर्णफुलं मीच तुझ्या आईच्या हातात ठेवली होती, पोरी."