नोहानं सांगितलं होतं

"शास्त्राचं पहिलं पुस्तक उघडून बघा," पाळक शांतवन म्हणाले. "प्रलय येणार हे नोहाला ठाऊक होतं. पण शेजाऱ्यांना त्यानं सांगितलं, असा एक शब्दही तिथं नाही. मुकाट्यानं तारू बांधलं आणि बायकापोरांना घेऊन आत बसला."

चर्चमधला हा शेवटचा रविवार होता. धरणाचं पाणी खालच्या मळ्यांत शिरलं होतं, छपराचे पत्रे उद्या उतरायचे होते. समोर गोणपाटावर बसलेल्या चाळीसेक माणसांपैकी कुणालाच पुढचा ठावठिकाणा नव्हता. शांतवनांना होता. बेलापूरला त्यांनी कधीच दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या.

पाणी ओढ्यापलीकडेच थांबेल, असं गाव इतके दिवस समजत होतं. पण तीन वर्षांपूर्वी, अडुसष्टच्या उन्हाळ्यात, नगरला धरणाच्या एका साहेबाच्या टेबलावर शांतवनांनी नकाशा पाहिला होता. निळ्या रेघेच्या आत सगळं गाव. "इतक्यात बोलू नका," साहेब म्हणाला, आणि यांनी तोंडाला कुलूप घातलं. त्याच महिन्यात विधवा भागूबाईनं पाटल्या मोडून घराचा पाया खणला. पायाच्या प्रार्थनेला पाळकांनाच बोलावलं. ते गेले, प्रार्थना केली, गूळ-खोबरं खाऊन परत आले. लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेनं कुणी मरत नाही.

आज मात्र सगळं कबूल करायचं ठरवूनच ते उभे होते.

"नोहाचं हे गप्प बसणं पुढच्यांना सोसलं नाही. जुन्या यहुदी गुरूंनी लिहिलं, त्यानं एकशेवीस वर्षं लोकांना बजावलं, लोक हसले. पहिल्या ख्रिस्ती लेखकांनी त्याला नीतिमत्त्वाचा उपदेशक म्हटलं. देवाचा माणूस गप्प बसला, हे कुणाला पटवून घेता येईना. पण भावांनो, मीही त्या नोहासारखाच..."

भागूबाई उठली. तिच्या घराच्या चौकटी कालच बैलगाडीत चढल्या होत्या.

"पाळकबाबा, कशापायी जिवाला लावून घेता? तुमी सांगितलं हुतं की. माज्या पायाच्या वक्ताला तुमी वाळूवरल्या घराचं वचन वाचलं. पूर आला, घर पडलं. ते आमच्यासाठीच हुतं. आमालाच कळलं न्हाई."

ते वचन शांतवन प्रत्येक पायाला वाचत. रीतच होती तशी.

"व्हय," मागून सूर्यभान म्हणाला. "मला बी म्हनले हुते, हीर खांदू नगं."

असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण माना डोलल्या. कुणीतरी डोळे पुसले. शांतवनांनी भागूबाईच्या उघड्या मनगटांकडे पाहिलं. घर गेलं, मळा गेला. आपला पाळक आपला होता, एवढंच आता तिच्यापाशी उरलं होतं.

"मग त्या नोहाचं काय सांगत हुता?" तिनं विचारलं.

"त्यानं सांगितलं होतं, भागूबाई," शांतवन म्हणाले. "कुणी ऐकलं नाही."